रेडिएटरवरची काचेची पेटी

वेनेर सागितोविच रशियातल्या उफा शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. पाहुण्यांना ते सांगत, "आम्ही तांबं पिळून पोलाद करतो." पोलाद होत नाही. बटणाएवढी शुद्ध तांब्याची चकती प्रचंड दाबाखाली धरून पिळली, की आतले कण चिरडून अतिशय बारीक होतात आणि तांबे दुपटीहून कठीण होते. पण हे वाक्य फोटोखाली शोभत नाही.

आमची संशोधक विद्यार्थिनी इल्गिझा हिने प्रबंधासाठी अशा चाळीस चकत्या पिळल्या. ऑक्टोबरात कठीणपणा एकशे चाळीस भरला; साध्या तांब्याचा साठच्या आसपास असतो. त्यातल्या वीस प्रमुखांनी उचलल्या आणि मखमली अस्तराच्या काचेच्या पेटीत घालून आपल्या खोलीत, खिडकीखालच्या ऊब देणाऱ्या रेडिएटरवर मांडल्या. हिवाळाभर, एप्रिलपर्यंत, तसल्या रेडिएटरवर बाकीचे लोक मोजे वाळवतात.

जानेवारीत, प्रबंधाच्या जाहीर परीक्षेच्या आठवडाभर आधी, चेल्याबिन्स्कहून परीक्षक आले. त्यांनी पेटीतली एक चकती निवडून मोजायला लावली. साठ.

"साठ?" प्रमुख कडाडले. "पोरी, आकडे घरी बसून लिहिलेस की काय?"

इल्गिझाचा चेहरा उतरला. तीन वर्षांचे काम खोटे ठरले, तर पदवी तर जाणारच, नावही जाणार.

मी सतरा वर्षे या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर बसते. मी म्हटले, "पेटी कुठे होती ते विचारा."

"माझ्या खोलीत! मानाच्या जागी!"

"मोज्यांच्या जागी."

"मिन्झिल्या फत्ताखोव्हना, त्या उबेनं हाताला चटकासुद्धा बसत नाही. तांबं काय वितळणार?"

"वितळायला कशाला हवं? इतके बारीक कण जरा ऊब मिळाली की एकमेकांना गिळून मोठे होतात, आणि तांबं पुन्हा मऊ. तुमच्याच पुस्तकात आहे, तिसऱ्या प्रकरणात."

"मी वाचलंय ते," परीक्षक म्हणाले. "लेखकांनी वाचलेलं दिसत नाही."

"आपा," इल्गिझा हळूच मला म्हणाली, "उरलेल्या वीस मी फ्रीजरमध्ये ठेवल्यात. खिमा भरलेल्या पेल्मेनीच्या पिशवीखाली."

आम्ही त्यातल्या पाच मोजल्या. सगळ्या एकशे अडतीसच्या वर.

प्रमुखांनी टाळी वाजवली. "बघा! अर्ध्या मी मुद्दामच उबेत ठेवल्या होत्या. तुलनेसाठी!"

"मग तसं नोंदवूया," मी म्हटले आणि लिहिले: 'वीस चकत्या प्रमुखांनी इल्गिझाला न विचारता तीन महिने चालू रेडिएटरवर ठेवल्या.' वही पुढे केली. त्यांनी सही केली, नेहमीसारखीच, न वाचता.

परीक्षेच्या दिवशी भरल्या सभागृहात परीक्षकांनी ते पान सहीसकट वाचून दाखवले. हशा ओसरल्यावर मतदान झाले. इल्गिझाला सगळी मते मिळाली.

पेटी अजून रेडिएटरवरच आहे. पाहुणे आले की प्रमुख त्यातली चकती त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि पोलादाचे वाक्य म्हणतात.