तीन नंबर चाळीचा अंतराळवीर

अंतराळवीर व्हायला काय लागतं, असं रघू दळवीला कोणी विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं: आधी मागावर पंधरा वर्षं, मग अडीच वर्षं संप. संपात तो इतका वाळला, की चाळीच्या गणपतीला हलता देखावा करायचं ठरलं तेव्हा दोरानं वर ओढण्याजोगा दुसरा हलका माणूसच सापडेना. त्या साली आपला एक माणूस अंतराळात जाऊन आला होता. रघूही निघाला, चंदेरी कागद डकवलेला रेनकोट घालून, डोक्यावर खिडकी कापलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं.

शिवाय नेतृत्वाचा अनुभव होताच. मिलच्या गेटवर संपाचा पुढारी तोच. "जो आत जाईल त्याच्याशी चाळीत कोणी बोलायचं नाही," हे त्यानंच जाहीर केलं होतं. वर्षभरापूर्वी भिवा फिटर आत गेला. त्याची पोर आजारी होती, हे रघूला ठाऊक होतं. तरी त्यानं मान फिरवली. पुढाऱ्यानं फिरवली म्हटल्यावर सगळ्या चाळीनं फिरवली.

पहिल्याच आरतीला अंतराळवीर वर गेला, हात जोडले, टाळ्या पडल्या आणि कप्पी अडकली. दोर वर जाईना, खाली येईना. पट्टा काखेत रुतला, पातेल्यात घाम साचला. जन्मात एवढ्या उंचीवर आपण कधी पोचलो नव्हतो, आणि पोचून करण्यासारखं काहीच नाही, हे रघूला तिथं कळलं.

"रघू, बोल मेल्या, काय करूचा?" दोर धरलेला धोंडू ओरडला. "तू सांगशीत तसा करतंव!"

कप्पी सोडवू शकणारा एकच माणूस गर्दीच्या कडेला उभा होता. सगळी चाळ भिवाकडे बघत होती आणि हाक कोणीच मारत नव्हतं. रघूचाच हुकूम होता. आपली माणसं किती आज्ञाधारक आहेत ते त्याला वरून स्वच्छ दिसलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भिवा!" तो पातेल्यातून ओरडला. "ये रे, भिवा! उतरव मला!"

भिवा चपला काढून मांडवाच्या बांबूवर चढला. दोन मिनिटांत कप्पी फिरली. खाली आल्यावर तो पट्टा सोडवत असताना रघू त्याच्या कानाशी पुटपुटला, "माझं चुकलं, भिवा."

भिवानं मान वर केली नाही. "गेटवर चारशे माणसांसमोर बोललास. आणि हे कानात?"

रघूनं पातेलं काढलं आणि आरतीचा माईक मागून घेतला. मग सगळ्या चाळीकडे तोंड करून त्यानं तो तोंडाशी धरला.