पावणेतीनचा सूर

डोंगर एक. दगडी पायऱ्या सत्तावीस. पायथ्याशी चिंचेची झाडे तीन, आणि त्यांच्या सावलीत लाल कोटातले बँडवाले अकरा. त्यांच्या मधोमध एका पारदर्शक डबीत कृत्रिम पत्त्या चार.

माघातली सकाळ होती. माणदेशाच्या माळावर ऊन उतरत होते, पातळ, पिवळे, करडईच्या काट्यांवर अडखळणारे ऊन. ओढ्यात पाणी नव्हते. पाण्याच्या जागी प्रकाश वाहत होता. वारा कोरडा होता. इतका कोरडा, की लाकूड तडकावे, ओठ फुटावेत, आणि क्लॅरिनेटची वेताची पत्ती तासाभरात काठाशी वाकडी व्हावी.

पत्ती म्हणजे त्या काळ्या वाद्याची जीभ. अंगठ्याच्या नखाएवढी रुंद, टोकाला कागदाहून पातळ. श्वास आला की ती थरथरते, आणि त्या थरथरीला माणसे सूर म्हणतात. प्रत्येक पत्तीच्या पाठीवर तिच्या कडकपणाचा आकडा असतो. सिद्राम ऐवळ्यांचा आकडा साडेतीन होता. चाळीस वर्षे साडेतीन. पंचक्रोशीतले बँडवाले त्यांना नावाने कमी आणि आकड्याने जास्त ओळखत. साडेतीनचे मास्तर.

आणि नाथाच्या या डोंगरावर एक रीत होती. दुपारी दीपमाळेची सावली आखडून चौथऱ्यात शिरली, की पालखी निघे. पायथ्याशी उभ्या ऐवळ्याने एका दमात एकच षड्ज धरायचा, आणि त्या अखंड सुरावरून देवाने सत्तावीस पायऱ्या उतरायच्या. सूर तुटला, की भोई असतील त्या पायरीवर थांबत. मास्तरांच्या आजोबांनी तो सनईवर धरला होता, वडिलांनी क्लॅरिनेटवर. कधीच तुटला नव्हता.

मागच्या माघात तुटला. एकोणिसाव्या पायरीवर पालखी उन्हात उभी राहिली, आणि साऱ्या माळावर एवढी शांतता पसरली की खांद्यावरच्या दांड्याची करकर ऐकू आली. त्याआधीच्या दिवाळीत मास्तरांचे वरचे पुढचे दोन दात गेले होते. नव्या कवळीवर वाद्याची मुखनळी ठरत नव्हती. पंच एवढेच म्हणाले, की यंदाही तसेच झाले, तर मान दुसऱ्या बँडकडे जाईल.

म्हणून या पत्त्या. वैजयंताने आणलेल्या, मास्तरांच्या मुलीने, जी शहरात पदार्थविज्ञान शिकली होती आणि ध्वनीच्या लहरी मोजत होती. या पत्तीला ओल लागत नाही, ऊन लागत नाही. मास्तरांनी फोनवर बजावले होते, "साडेतीनच आण." तिने साडेतीन आणली. शिवाय तीन, पावणेतीन आणि अडीच.

साडेतीन लावली. सूर आला, पण वाळूतून आल्यासारखा, आधी फुसफुस आणि मागून आवाज. पालखी उतरायला पस्तीसेक सेकंद लागत, आणि अकरा सेकंदांतच मास्तरांच्या कपाळाची शीर फुगली.

ढोलवाला हणमंता गेजगे हसला. "मास्तर, अडीच घ्या की! मग मलाबी वाजवाय येईल!"

"तुला ढोल तरी कुठं येतोय रं अजून," मास्तर म्हणाले, आणि सगळे चिंचेखाली खदखदले. पण मास्तरांचे डोळे हसले नाहीत.

वैजयंताने पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले. चारही आकड्यांवर चार काळ्या टिकल्या लावल्या, आणि पत्त्या हातात उलट्यासुलट्या केल्या. "आबा, आता आकडा नाही. नुसता सूर बघा."

मास्तरांनी डोळे मिटले. एकेक पत्ती ती लावत गेली, पत्ती धरणारे कडे आवळत गेली, घड्याळ दाबत गेली.

पहिली. "ही तीन. जड हाय." बावीस सेकंद.

दुसरी. "ही मघाचीच. काढ." चार सेकंद.

तिसरी. सूर लांब गेला, तेहतीस सेकंद. पण फुंक वाढली की पत्ती दबत होती, सूर केसभर उतरत होता. मोबाइलवरचा सूर मोजणारा काटा डावीकडे ढळायच्या आधीच मास्तरांच्या भुवया जवळ आल्या. "अडीच. माझ्या फुंकंखाली झोपतीया."

चौथी. आणि चिंचेची पाने जणू ऐकू लागली. आधी फुसफुस नाही, मागे थकवा नाही. काळ्याभोर, सरळ, तेल लावलेल्या लाकडासारखा तो सूर उभा राहिला. विसाव्या सेकंदाला मास्तरांनी आपणहून तोडला.

"पुरं. राहिलेला देवाचा." डोळे उघडून ते म्हणाले, "पावणेतीन."

वैजयंता थक्क झाली. चारही बरोबर. "आबा, तुम्हाला फसवायचं होतं मला."

"ओठाला डोळं असत्यात, पोरी."

वाक्य संपले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळले. चाळीस वर्षे ज्या आकड्याला त्यांनी आपला अभिमान समजले, तो तर पत्तीचा होता. ओळखणारा ओठ त्यांचा होता. त्यांनी नखाने टिकली सोलली, ती हणमंताच्या ढोलावर चिकटवली, आणि क्लॅरिनेट फिरवून सगळ्यांपुढे धरला. "बघा रं. पावणेतीन हाय. कुणी इचारलं तर सांगा."

कुणी हसले नाही. हणमंताने कोटाचे वरचे बटण लावले.

दीपमाळेची सावली चौथऱ्यात शिरली. वर गुलाल उडाला. सूर निघाला, आणि पहिले पाऊल खाली आले.

पाच पायऱ्या. दहा. पंधरा. करडईचे पिवळे, कोटांचे तांबडे, आभाळाचे निळे, सगळे त्या एका काळ्या सुरावर ओवलेले. एकोणिसाव्या पायरीवर पुढच्या भोयाचा पाय मागची आठवण येऊन क्षणभर हवेत राहिला. सूर हलला नाही. पाय दगडावर टेकला. वीस. एकवीस. म्हाताऱ्या मानेवर शिरा ताठ, म्हाताऱ्या ओठांवर पत्तीची अखंड थरथर, आणि उतरणारी, डोलणारी, गुलालाने माखलेली पालखी.

शेवटचे पाऊल धुळीत आले, आणि वैजयंताचा अंगठा घड्याळावर पडला.

पायऱ्या सत्तावीस. सेकंद छत्तीस. सूर एक.