कॉलर, कफ, बाही आणि मी

मी 'हाऊ कॅन आय हेल्प यू?' बोलतोय! होय, काउंटरवरचा तोच प्रश्न. रोज कितीतरी तोंडांतून फिरतो मी, पण आज माझा आनंद पोटात मावत नाहीये. का, ते ऐकाच.

या हॉटेलच्या तळघरात इस्त्री करणारी बाई ही माझी आताची मालकीण. वाफेनं तिला धाप लागायची. डॉक्टरांनी तर बजावलंच होतं, की या वाफेतून बाहेर पडा. एवढ्यात वर काउंटरवर जागा रिकामी झाली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "एक सकाळ उभ्या राहून दाखवा. जमलं तर जागा तुमची." फक्त मी बिनचूक यायला हवा होतो.

आणि माझे काय हाल! "हाऊ आय कॅन..." म्हणायची ती. प्रश्न विचारताना 'कॅन' पुढे, 'आय' त्याच्या मागे, ही माझी साधी शिस्त. पण 'आय' मेला कायम रांग मोडून घुसायचा! तिची जाऊ शेजारच्याच टेबलावर घड्या घालायची. ती शेवटी वैतागली. "अगं, शर्टाला कधी चुकतेस का? आधी कॉलर, मग कफ, मग बाही. तसंच म्हण की!"

झालं! हाऊ म्हणजे कॉलर, कॅन म्हणजे कफ, आय बाही, हेल्प पाठ आणि यू पुढची बाजू. इस्त्री फिरायची नि मी तिच्या तोंडून असा कडक निघायचो, एक सुरकुती नाही! मला तर नाचावंसं वाटायचं.

आज सकाळी ती काउंटरवर उभी राहिली. एक म्हातारे पाहुणे आले. तिचा हात काउंटरवरून फिरला आणि मी अगदी ठाकठीक बाहेर पडलो. शाब्बास! पण 'यू' म्हणून होताच ती सवयीनं वळली. शर्ट झाला, टांगायचा, पुढचा घ्यायचा!

"अगं बाई, मी प्रश्न आहे! उत्तर ऐक की!" मी जीव तोडून ओरडलो. पण माझं कुणाला ऐकू जाणार? मॅनेजरबाईंच्या कपाळावर आठ्या. पाहुणे जरा घुटमळले आणि काठी टेकत निघाले.

काठीच्या आवाजानं ती दचकली. "अहो आजोबा, थांबा ना!" म्हणत काउंटरबाहेर धावली. त्यांच्यासमोर उभी राहून तिनं मला पुन्हा म्हटलं, सावकाश. हात दोन्ही स्थिर. आणि थांबली.

आजोबांनी मनगट पुढे केलं. नातीचं लग्न तासाभरावर आलेलं आणि बटण लोंबत होतं. तेही कफाचं! म्हणजे माझ्या 'कॅन'चंच की हो! तिनं पदराला टोचलेली सुई काढली आणि तिथंच उभ्याउभ्या बटण टाचून दिलं. आजोबांचे डोळे भरून आले.

मॅनेजरबाई एवढंच म्हणाल्या, "जाऊबाईंना सांगा, इस्त्री आता त्यांनी सांभाळायची."

तेव्हा मंडळी, मला म्हणाल तेव्हा माझे शब्द जागच्या जागी ठेवा. आणि म्हणून झालं की कृपा करून जरा थांबा. दार उघडलं बघा! निघतो मी. तिनं मला म्हटलंय, आणि ती समोरच्या माणसाकडे बघत उभी आहे.