काचेला वजन कसं कळतं?

रुग्णालयात माझं काम एवढंच होतं: संगणकात पडलेल्या नोंदी वाचून कामं कुठे अडतात ते शोधायचं. नवजात बाळांच्या कक्षात रक्ताच्या नळ्या फार फुटत होत्या. प्रत्येक वेळी पडद्यावरच्या कारणांतून नर्सनं निवडलेलं असायचं, ‘नळी फुटली’.

“कुणाचे हात थरथरतात, तेवढं नाव द्या,” अधीक्षक म्हणाले. “त्यांना दुसरीकडे हलवू.”

त्यांचा रोख मोठ्या सिस्टरांवर होता. निवृत्तीला आलेल्या, चष्मा कपाळावर सरकवून घरभर शोधावा तसा कक्षभर शोधणाऱ्या. त्या बाळांपासून त्यांना हलवायचं म्हणजे त्यांचा जीवच काढून घ्यायचा.

मी नोंदी नावानुसार लावल्या. सिस्टरांच्या नळ्या फुटत होत्या, पण इतर सगळ्यांच्याही तितक्याच. मग पाळ्या पाहिल्या, नळ्यांची खेप पाहिली. काही जुळेना. शेवटी दुसरं सुचेना म्हणून बाळांचं वजन घेतलं.

पडद्यावर एक उतरती रेघ उमटली. बाळ जितकं हलकं, तितक्या नळ्या जास्त फुटत होत्या. बाळ अंगानं भरत गेलं की फुटणं हळूहळू थांबत होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सगळं मोजूनमापून करूनही, इतकी स्वच्छ रेघ मला कधी मिळाली नव्हती. मी बघतच राहिले. काचेला बाळाचं वजन कसं कळतं?

आणि एकाच बाळाच्या दोन नळ्यांपैकी फुटायची ती नेहमी दुसरीच.

मी कक्षात गेले. “सिस्टर, काचा कुठे टाकता?”

“कसल्या काचा?”

“फुटलेल्या नळ्यांच्या.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “सापडलो म्हणायचं! अगं, दोन तपासण्या असल्या की तुझा संगणक दोन भरलेल्या नळ्या मागतो. ह्या एवढ्याशा जिवात रक्त असतं किती? एक फुटली म्हटलं, की लॅबला पहिलीतूनच दोन्ही करायची मुभा मिळते.”

“किती वजनापर्यंत, हे ठरवलंय का तुम्ही?”

“ठरवतंय कोण! बाळ बघायचं नि काय ते करायचं.”

निरनिराळ्या पाळ्यांतल्या बायका, काही तर एकमेकींना ओळखतही नव्हत्या. प्रत्येकीनं आपापल्या पुढ्यातलं बाळ बघून हात आखडला होता, आणि रेघ मात्र एकाच हातानं ओढल्यासारखी होती.

अधीक्षकांपुढे मी नावाऐवजी ती रेघ ठेवली आणि दुसऱ्या नळीचं खरं कारण सांगितलं. ते तिच्यावरून बोट फिरवत सर्वांत हलक्या बाळांपाशी थांबले.

“म्हणजे एकही नळी फुटली नाही?”

“एकही नाही.”

“आणि मी हात थरथरतात म्हणत होतो.”

पडद्यावर आता ‘बाळ लहान’ असं नवं कारण आहे आणि सिस्टर तिथेच आहेत. जुना शब्द मात्र बोलण्यातून गेलेला नाही. परवा काचपेटीपाशी एका नव्या नर्सनं विचारलं, “सिस्टर, ह्याची फोडायची ना?” तसा शेजारी उभा असलेला बाप दोन्ही हात पसरून पेटीला आडवा झाला.

“अहो, व्हा बाजूला! रक्त वाचवतोय तुमच्या लेकाचं,” म्हणत सिस्टर चष्मा शोधू लागल्या.