मॅनेजरभाऊंची पाळ

मालगुजारी, म्हणजे गावची पिढीजात जमीनदारी, जाऊन तीन वर्षं झाली, तरी गुणवंतराव रोज सकाळी ओसरीवर येऊन बसत. पूर्वी गावातली भांडणं, सोयरिकी, सगळं तिथंच ठरायचं. आता लोक जाता जाता रामराम घालत आणि पुढं वारलूच्या घराकडे वळत.

वारलू म्हणजे गुणवंतरावांच्याच सालदाराचा, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्याचा, मुलगा. बल्लारपूरकडच्या एका कोळसा कंपनीत हजेरी लिहायला लागला आणि मॅनेजर होऊन निवृत्त झाला. गावी परतल्यावर त्यानं शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या, बायांसाठी विहीर खोदली, आठवड्याला चांद्याहून डॉक्टर यावा अशी सोय केली. तालुक्याच्या जनपद सभेत गुणवंतरावांची होती ती जागाही लोकांनी त्यालाच दिली. सारं गाव त्याला मॅनेजरभाऊ म्हणे. गुणवंतराव तेवढे वारलू म्हणत, तेही मुद्दाम मोठ्यानं.

शाळा आणि विहीर त्यांनी सोसली. तलावाचं मात्र सोसवेना. तो तलाव त्यांच्या आज्यानं बांधलेला, आणि उन्हाळ्यात वारलूनं त्याचीच पाळ, म्हणजे मातीचा बांध, उंच करायला घेतली. शेदोनशे माणसं आपणहून माती टाकायला आली. गुणवंतरावांच्या वेळी कोतवाल दारोदार फिरे, तेव्हा माणसं मान खाली घालून यायची. आता बाया गाणी म्हणत होत्या. बेगार चुकवायला ज्याचा बाप जंगलात पळाला होता, तो मुखरू स्वतःची बैलगाडी घेऊन आला होता. गुणवंतराव झाडाखाली उभं राहून ते बघत आणि घरी येऊन जेवत नसत.

पाळीच्या उत्तर टोकाला पूर्वी तुडुम होता, शेतात पाणी सोडायचं लाकडी दार. आज्यानं तो ओंडके घालून बुजवला, तेव्हा गुणवंतराव लहान होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते लाकूड एव्हाना कुजलं असणार, वरून माती टाकून भागणार नव्हतं. हे जाणणारा दुसरा माणूस गावात उरला नव्हता.

वारलू दोनदा त्यांच्याकडे येऊन गेला. पाळ कशी वाटते म्हणून विचारलं. गुणवंतरावांनी त्याला बस म्हटलं नाही. चांगली आहे, एवढंच म्हणाले.

त्यांची बायको इंदुताई आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या मनात काही आहे. सांगत काऊन नाई त्याले?"

"मोठा मॅनेजर आहे. त्याले समजते सारं," ते म्हणाले.

श्रावणात तलाव भरला आणि एका दुपारी पाळ नेमकी उत्तर टोकाला फुटली. माणूस दगावला नाही, पण खालच्या बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, नुकतं रोवलेलं धान वाहून गेलं. गुणवंतराव लगबगीनं तिकडे गेले. आता लोक वारलूला शिव्या घालतील, आज्याचं नाव काढतील, असं त्यांना वाटत होतं. पण ज्याचं धान गेलं तो मुखरूच कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पोती रचत होता आणि वारलूला म्हणत होता, "मनाले लावून घेऊ नका, भाऊ. पुन्हा बांधू."

पाळ धडधाकट असताना गुणवंतरावांना जेवढा हेवा वाटला नव्हता, तेवढा आता वाटला. त्यांच्या आज्यालाही कोणी कधी असं म्हटलं नव्हतं.

मुखरूचं वाहून गेलेलं धान डोळ्यांपुढून हलेना, तेव्हा तिसऱ्या दिवशी ते वारलूच्या घरी गेले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "त्या टोकाले जुना तुडुम होता. मले माहीत होतं."

वारलू उठून उंबऱ्यापाशी आला. मग म्हणाला, "तुमाले माहीत असंन असं वाटलंच होतं मले. म्हणून दोनदा आलो. पण पाळीत काई खोट आहे का, हे तोंड उघडून विचारलं नाई. सालदाराचा पोरगा पुन्हा दारात उभा राहिला असं तुमी म्हणसान, याची लाज वाटली. मुखरूचं धान गेलं त्याले आपण दोघंही कारण आहो, भाऊ."

पाणी ओसरल्यावर गुणवंतरावांनी काठीनं जागा दाखवली. कुजके ओंडके निघाले. कुठून खणायचं, किती खोल, सगळं त्यांनी सांगितलं. माणसांनी ऐकून घेतलं आणि कुदळ मारण्याआधी वारलूकडे पाहिलं. वारलूनं मान हलवली, तेव्हाच काम सुरू झालं. ते गुणवंतरावांना लागलं. तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पाळीवर गेले.