काचेवरच्या चिठ्ठ्या

विजेची नवी गाडी शोरूममध्ये आली त्या दिवशी गिऱ्हाइकांनी बुकिंग रद्द केलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांच्या काचांवरून मी नऊ चिठ्ठ्या काढल्या. गाड्या पुसायच्या आणि 'बुक झाली' ही चिठ्ठी लावायची, ही माझी कामं. चिकटवायचीच सवय, त्यामुळे काढताना नख लागेना.

गाड्या विकायला तिथेच माझी सून. मॅनेजरने तिला बजावलं, "महिनाअखेर या नऊपैकी एक जरी उरली, तर तुझी बदली दूरच्या शाखेत." घरी दीड वर्षाची नात.

"नवीसाठी लोक नऊ महिने थांबायला तयार आहेत, बाबा. जुनीकडे बघतसुद्धा नाहीत."

"नऊ महिने? तेवढ्यात मूल जन्माला येतं गं."

ती हसली आणि तेच वाक्य गिऱ्हाइकांवर वापरू लागली. ज्यांचं अडलं होतं अशा आठ जणांनी जुन्या गाड्या नेल्या. एक उरली.

शेवटच्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "काका, नवी गाडी जरा पुढे घ्या."

मी बसलो, बटण दाबलं. आवाज नाही. खटका पुढे केला. तरी आवाज नाही. तीस वर्षं गाडी कानाने ओळखलेली; बंदच आहे समजून पाय दाबला, आणि पाण्यावरून पान जावं तशी ती निघाली. समोर भिंतीएवढी काच! मी पाय उचलला. ती आपली आपण थांबली, काचेपासून वीतभर.

इंजिनाची धडधड म्हणजे गाडीचा जीव, असं मी समजत आलो होतो. इथे जीव होता, पण श्वास ऐकू येत नव्हता.

नवी बुक करायला आलेली एक बाई पुढे झाली. "एवढी गुपचूप? माझ्या आईला दिसत नाही हो. कोपऱ्यावर माझी गाडी वाजली की ती दार उघडते."

सून पुढे आली. "ताई, मग ही ऐका. बाबा, सुरू करा."

मी उतरलो, उरलेल्या गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली. म्हातारा खाकरावा तशी जुनी गाडी बोलली. बाईने डोळे मिटून ऐकलं.

"हीच द्या."

शेवटची चिठ्ठी मी तिरकी लावली. सुनेने ती सरळ केली आणि नाक पुसलं.

"चला बाबा, पोरगी वाट बघत असेल."

"आलो," म्हणालो, आणि नव्या गाडीच्या बॉनेटला एकदा कान लावला.