काचेच्या आतला बुक्का

युसूफ वडगावहून माझी झूम लेन्स विकत घ्यायला आलेल्या प्रविणनं ती हातात घेतली, मागून मोबाईलची बॅटरी लावली आणि एक डोळा मिटून आत बघितलं.

"उत्तरेश्वरभाऊ, आत काळं काळं काय हाय हो? बुरशी का?"

"बुक्का हाय."

"लेन्सच्या पोटात?"

चौसाळ्याच्या आसपासच्या सप्त्यांतली कीर्तनं मीच शूट करतो. काल्याच्या दिवशी आमचे विणेकरी बद्रीनाथबुवा सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावतात आणि शेवटी कॅमेऱ्यालाही. म्हणतात, "ह्यो बी ऐकतोच की!" तो पुसायला माझा हात कधी धजला नाही. झूम पुढं-मागं केला की लेन्स भात्यासारखी हवा ओढते. तसा तो कणाकणानं आत गेला.

"फोटोत काई येत न्हाई ते," आमची मंगल चहा ठेवत म्हणाली. ही लेन्स एकदाची जावी, असं तिला वाटत होतं. मलाही. खांदे पार गेलेत. आणि इतकी वर्षं कीर्तनात उभा आहे, पण ऐकलं कुठं? महाराज रंगात आले की माझं ध्यान फोकसवर. एकदा खाली बसून, डोळे मिटून ऐकायचं होतं.

तरी राहवलं नाही. "उजेडाकडं धरून काढ," मीच म्हणालो.

खिडकीचा फोटो निघाला. मधोमध धुरकट डाग.

मंगलनं कपाळाला हात लावला. "यांचा धंदा का चालत न्हाई, कळलं का भाऊजी?"

प्रविण हसला. "लग्नाच्या शूटिंगला तर सगळे दिवे लेन्सच्या तोंडावरच. उद्या काल्याला मीच लावून बघतो. जमलं तर नेतो."

दुसऱ्या दिवशी मंडपात मांडी घातली. गुडघे कुरकुरले. डोळे मिटले, तरी बोटं झूम शोधत होती.

बुवा आले. माझ्या कपाळी बुक्का लावला आणि प्रविणकडं वळले. अजून आत गेला तर हा कशाला घेतोय? हाक मारायला उठू गेलो, तर गुडघ्यानंच खाली बसवलं.

प्रविणच्या हातात पुसायचं फडकं होतं. बुवांना बघून त्यानं ते खांद्यावर टाकलं, स्टॅण्डची पकड सैल केली आणि कॅमेऱ्याची मान खाली वाकवली.

बुवांनी बोट टेकवलं. प्रविणनं पुसलं नाही.

मी डोळे मिटले. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्यांपाशी आले होते.